दाजी, डेक आणि टेलचं पाणी

आमच्या दाजींना बसलेलं पाहिलंय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कुणी दाखवला असता, तर त्याच्या घरी जाऊन मी त्याचे पाय धरले असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मुक्काम सणसर, म्हणजे पत्त्यापुरता मुक्काम. चहा ते उभ्यानं प्यायचे, तोही पहिला घोट अंगणात, दुसरा गोठ्यापाशी, आणि कपबशी सापडायची ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर. आक्काच्या घरातल्या एकाही कपाला स्वतःची बशी उरली नव्हती. त्यांच्या लग्नात भटजी सप्तपदीच्या पाचव्या पावलाचा मंत्र म्हणत होते तेव्हा दाजी सात पावलं उरकून मांडवाच्या दाराशी जाऊन उभे होते, आणि उपरण्याला गाठ मारलेली असल्यामुळं आक्काही त्यांच्यामागं ओढली गेली. आमच्या आईनं त्या वेळी डोळ्यांना पदर लावला तो लेक सासरी चालली म्हणून नव्हे, असं माझं आजही मत आहे. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये दाजी अकरा फोटोंत आहेत आणि अकराही फोटोंत मिशीच्या जागी एक पुसट आडवी रेघ आहे. फोटोग्राफरनं त्याबद्दल माझी माफी मागितली होती. मीच त्याला म्हटलं, बाबा रे, तुझा दोष नाही.

ब्रह्मदेवानं अशा माणसाला नोकरी कोणती द्यावी, तर पाटकऱ्याची. कालव्याला पाणी सुटलं की कुठल्या चारीचं दार किती उघडायचं, कुणाची पाळी कधी लावायची, हे बघत दिवसभर पाटाच्या कडेनं फटफटीवर हिंडायचं. खात्यानं पगार दिला नसता तरी दाजींनी हे केलं असतं. पाण्याचा एक दंडक होता, की आधी टेलला द्यायचं, म्हणजे चारीच्या पार शेपटाकडच्या रानाला, आणि मग तिथून वर वर येत हेडला. कारण हेडवाल्याला आधी दिलं तर तो पोटभर घेतो, आणि टेलचा माणूस कोरड्या सऱ्यांकडं बघत राहतो. बाकीच्यांनी हा नियम कागदावर ठेवला. दाजींनी अंगात मुरवून घेतला. बारामतीत माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढपाची जबाबदारी मागून घेतली, तेव्हा आम्हाला कौतुक वाटलं. पहिल्या ओळीत पहिल्या पानावर माझे सासरे. दहा मिनिटं झाली तरी त्यांच्या पानावर मिठाचा कण नाही. बघतात तो दाजी पार शेवटच्या ओळीत, सनईवाल्यांना मसालेभाताचा आग्रह करताहेत. सासऱ्यांनी हात वर करून हाक मारली, तर दाजींनी तिथूनच खड्या आवाजात सांगितलं, "थांबा पाव्हणं, तुमची पाळी यायचीय." सासरे पुढं दोन वर्षं माझ्याशी तुटक बोलायचे.

तर अशा या दाजींनी एक डेक आणला. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. ज्याच्या घरी डेक त्याच्या घरी पाहुणे, अशी परिस्थिती होती. बारामतीतल्या एका कारागिरानं जोडून दिलेला, प्रत्येक बाजूला पंधरा वॅटचा अँप्लिफायर, वर कॅसेटचा खण, आणि सनमायका मारलेल्या दोन पेट्यांत दोन स्पीकर. आणला तो आक्कासाठी. आक्का काही गाणारी बाई नव्हे, गुणगुणणारी. जुन्या भावगीतांची कॅसेट लागली की भाकरी थापता थापता तीही गाण्याबरोबर चालू लागायची, पण नेहमी अर्धं पाऊल मागून, जणू गाणाऱ्या बाईला मागून कुणीतरी होकार देतंय. दाजींना ती मूळ गाणारी बाई किती ऐकू यायची कोण जाणे. ते गोठ्यात असोत की माळवदावर, कान मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी. आक्काचं गुणगुणणं सुरू झालं की चालता चालता त्यांची मान हलायची. त्यांना आवडतंय हे कळायला एवढा एकच पुरावा होता, कारण तोंडानं कधी म्हणाले असतील तर शप्पथ.

मग ते गुणगुणणं थांबलं. एका दिवसात नव्हे, हळूहळू. आधी ओळी गळाल्या, मग कडवी, मग नुसताच भाकरीचा आवाज राहिला. त्याच सुमारास मला आक्काला दोन हाका माराव्या लागू लागल्या, मग तीन. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे ती शेजारणीला विचारायला लागली. आमच्या आईचे कान पन्नाशीच्या आत गेले होते, त्यामुळं मला काय ते कळायला वेळ लागला नाही. आक्का तेव्हा जेमतेम चाळिशीची. मी दाजींना म्हटलं, हिला कानाच्या डॉक्टरला दाखवू. दाजी फटफटीची किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती. म्हणाले, "आवाज टेलला पोचंना झालाय, पाव्हणं. स्पीकर बाद झाला, दुसरं काय न्हाय." आणि स्पीकर बादच झाला होता, हीच खरी पंचाईत. उंदरांनी एका पेटीतल्या स्पीकरचा कागद कुरतडला होता. देवानं दाजींना दुसरीकडं बघायला कारण दिलं आणि दाजींनी ते घट्ट धरून ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, आक्कानं तरी सांगायचं. तिनं सांगितलं, पण मला. पंचमीला माहेरी आली होती तेव्हा माझ्या अगदी समोर बसून, माझ्या ओठांकडं बघत म्हणाली, "त्यांना नगो सांगूस, बापू. आवाज येतोय मला, पण शब्द लागत न्हाईत. माझ्यासाठी आणलाय रे त्यांनी डेक." इकडं दाजींचं म्हणणं, तिला विचारलंय, ती म्हणते येतंय ऐकू, मग तुमचं काय दुखतंय? नवरा बायकोपासून आणि बायको नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघंही ती मला ऐकवत होते. मी बारामतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा साधा माणूस. पोरांच्या प्रयोगवह्या तपासताना मला आक्काचं तोंड दिसायचं आणि लाल शाईचा फराटा ओळ सोडून जायचा. एक एक महिना चालला होता आणि आक्काच्या कानाचं जे काही उरलं होतं ते त्याबरोबर चाललं होतं.

दाजींची स्पीकर शोधमोहीम सुरू झाली ती पळसदेवपासून. उन्हाळा होता, कालवा बंद, म्हणजे दाजींच्या पायांना दुसरं काम नव्हतं. पळसदेवला एक मांडववाला जुने स्पीकर काढणार आहे असं त्यांना कळलं, आणि मला मागं बसवून निघाले. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. मी ते कधीच पाहिलं नव्हतं. म्हटलं, दाजी, दोन मिनिटं थांबू. दाजींनी फटफटी थोडी हळू केली, म्हणाले, "बघा," आणि मी मान वळवेपर्यंत देऊळ मागं पडलं होतं. मांडववाल्याकडून त्यांनी परातीएवढे दोन स्पीकर घेतले. मागं शिक्का होता, शंभर वॅट. परतीच्या वाटेवर ते दोन्ही स्पीकर माझ्या मांडीवर आणि दाजींचं बोलणं वाऱ्यावर. त्यांचा हिशेब सरळ होता. जुना स्पीकर वीस वॅटचा, हा शंभरचा. पाचपट पाणी. आता टेल काय, टेलच्या पलीकडचा ओढासुद्धा भिजेल.

लावले, आणि आवाज आधीपेक्षा निम्मा. दाजींनी डेकला चार प्रदक्षिणा घातल्या. पेटीला कान लावला, पेटी हलवली, पेटीवर थाप मारली, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आक्काच्या पाठीकडं बघितलं. हीच त्यांची परीक्षा. आक्का गुणगुणली तर स्पीकर पास. आक्का भाकरी थापत होती. तिला मागं कुणी उभं राहिल्याचं जाणवलं, वळून पाहिलं आणि तिनं हसून मान हलवली, लई छान, म्हणून. दाजींची मान हलली नाही. ते तसेच फटफटीवर बसले आणि इंदापूरला रेडिओवाल्या तात्यांकडं गेले.

हे तात्या म्हणजे दाजींच्या अगदी उलट प्रकृतीचा माणूस. त्यांना उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दुकानात एका स्टुलावर बसून डाग देण्याची तापलेली सळई हातात घेऊन ते सगळ्या जगाशी शांतपणे बोलत. त्यांनी स्पीकर उलटा करून बघितला आणि सांगितलं, की दाजीराव, स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती आवाज देतो हे नव्हे, तो किती सोसतो हे. देणारा तुमचा डेक. तो पंधराच देणार. शंभरचा लावला म्हणून डेकच्या अंगात ताकद येत नाही. आणि दुसरं म्हणजे हा स्पीकर सोळा ओहमचा, तुमच्या डेकला पाहिजे आठ. डेकला जे द्यायचंय तेसुद्धा हा निम्मंच घेतोय. ओहम म्हणजे काय, हे मात्र तात्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, तुमचे मेव्हणे सायन्सचे मास्तर आहेत ना, त्यांना विचारा. या एका वाक्याबद्दल मी तात्यांना अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी शाळेत हजर. मी नववी ब वर असताना दार ढकलून आत आले आणि पोरांसमोर म्हणाले, "पाव्हणं, ओहम म्हंजे काय?" आता वर्गात चाळीस पोरं, फळ्यावर योगायोगानं तोच धडा. मी जरा ऐटीतच सांगितलं. रोध जास्त तर प्रवाह कमी, रोध कमी तर प्रवाह जास्त. दाजी फळ्याकडं बघत उभे राहिले. पाय मात्र चाललेच होते, एका जागी. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, म्हणजे ओहम हे चारीचं दार. सोळा म्हणजे दार बारीक, पाणी कमी. मग आठापेक्षा चार बरं की! मी म्हटलं, गणितानं तसंच येतं. खरं सांगतो, विज्ञान शिकवायला मी नालायक होतो हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. प्रयोगशाळेत मी बॅटरी आणि तारेच्या तुकड्याच्या पलीकडं कधी गेलो नव्हतो. पण सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता आणि दाजी पहिल्यांदाच माझ्या शिकवण्यावर खूश दिसत होते.

चार ओहमचे स्पीकर मिळाले वालचंदनगरला. कॉलनीतल्या क्वार्टरमधला एक साहेब बदलून चालला होता, त्याच्या परदेशी संचातले चार स्पीकर, तेही मखमली जाळी लावलेले. दाजींनी चारही आणले. दोन लावले तर आवाज खरंच वाढला. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आले. आक्का गप्पच. मग पाटकऱ्याच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. एका दारानं टेल भिजत नाही ना, मग दोन्ही दारं उघडा. त्यांनी प्रत्येक बाजूच्या वायरीला दोन दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मी तिथंच होतो. मांडणीवरची पितळेची भांडी नाचायला लागली, म्हशीनं दावं तोडलं, आणि गाणाऱ्या बाईनं पहिल्या कडव्याच्या मधोमध एक चिरका आवाज काढून कायमचं मौन घेतलं. डेकच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर आली. दाजी म्हणाले, "पाट फुटला," आणि तारा उपटल्या. त्या वेळी आक्का काय करत होती, तर कानावर तळहात दाबून भिंतीला टेकली होती. शब्द लागत नव्हते, पण तो गदारोळ तिच्या डोक्यात घुसला होता. ते मी पाहिलं, दाजींनी नाही. ते डेकवर फुंकर घालत होते.

त्या दिवशी मी भांडलो. मेव्हण्यानं दाजींना बोलू नये ही आमच्याकडची रीत, पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम राहिला नाही. म्हटलं, तुम्हाला डेक प्यारा की माझी बहीण? दाजींनी जळका डेक गोणपाटात बांधला, फटफटीला आवळला आणि इंदापूरचा रस्ता धरला. मी नको ते बोलून बसलो होतो. त्यांना काय प्यारं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

तात्यांनी डेक उघडून आतले दोन जळालेले ट्रान्झिस्टर काढून तळहातावर ठेवले आणि मला निरोप पाठवला, की मास्तरांना म्हणावं, डेकला सोसेल एवढंच दार उघडायचं असतं. मग त्यांनी स्वतः स्पीकर निवडून दिले. आठ ओहमचे, पंचवीस वॅटचे, डेकच्या पंधराला निवांत सोसतील असे. आठवडाभरानं दाजी डेक घेऊन आले आणि मला सणसरला बोलावणं आलं. मागच्या भांडणामुळं मी अवघडून गेलो होतो. ते मात्र काही झालंच नाही अशा थाटात वायरी सोलत होते. कॅसेट लावली. काय सांगू तुम्हाला, इतका स्वच्छ आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. चिरकणं नाही, घुमणं नाही. तात्यांनी जोड बरोबर बसवली होती, आणि आता दोष द्यायला घरात एकही स्पीकर उरला नव्हता.

दाजी स्वयंपाकघराच्या दारात गेले. आक्का पाठमोरी. गाण्याचं एक कडवं गेलं, दुसरं गेलं. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता. दाजी परत आले, त्यांनी बटणाला हात घातला, आणि मला वाटलं आता पुन्हा वाढवणार. त्यांनी डेक बंद केला. घर एकदम रिकामं झालं. ते पुन्हा दारात जाऊन उभे राहिले. आक्काला चाहूल लागली, तिनं वळून त्यांच्याकडं पाहिलं, पिठाचे हात तसेच वर धरून हसली आणि म्हणाली, "आता कसं गोड लागतंय. ह्योच ठेवा."

दाजींनी मान हलवली. बाहेर आले. मला वाटलं फटफटी काढतील, पण किल्लीला हात न लावता ते अंगणाच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले. हलले नाहीत. मग मला म्हणाले, की गुरुवारी बारामतीला कानाची डॉक्टरीण पुण्याहून येते असं म्हणत होतात ते खरं का. मी म्हटलं, खरं, आणि नंबर मी लावतो.

गुरुवारी आक्काला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर दिवा लागायचा. दाजींना कंपाउंडरनं तीन वेळा बाकावर बसवलं आणि तीनही वेळा ते काचेपाशी उगवले. सुरुवातीला दिवा लागत होता. मग डॉक्टरीणबाई मशीनवरची चकती फिरवत गेल्या तसा लागायचा थांबला. आक्का बटणावर अंगठा ठेवून, मान वाकडी करून, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी वाट बघत होती. दाजी त्या दिव्याकडं असे बघत होते की तो त्यांच्या बघण्यानं लागला असता तर लागला असता.

बाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत, आणि शब्द ओळखायला बारीकच लागतात. म्हणून आवाज येतो पण बोलणं कळत नाही. नुसता मोठा आवाज लावून उपयोग नाही, उलट त्यानं उरलेलंही जाईल. घरात काही मोठ्यानं वाजत असेल तर ते आधी बंद करा. मी दाजींकडं बघायचं टाळलं. दाजी उभेच होते. म्हणाले, "म्हंजे पाणी बांधापतुर येतंय. पुढं रानात पाणी न्यायचा दंडच गाळानं भरलाय. अन् मी वरनं दार उघडतोय." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हो, तसंच. मग दाजींनी विचारलं, अगदी हळू, "माझ्यामुळं फुटला का वो दंड, बाई?" त्यांनी सांगितलं, नाही, हे तुमच्यामुळं सुरू झालेलं नाही. पण इथून पुढं जपा. दाजींनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

आक्काला यातलं काहीच कळलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर ती माझी बाही ओढायला लागली, काय म्हणाल्या म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात दाजी तिच्या समोर येऊन उभे राहिले. तिच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन, एक एक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, की तुला कमी ऐकू येतंय. आक्का म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुमाला कवा कळलं?" दाजी म्हणाले, "मला बी म्हाईत हुतं." आणि भर रस्त्यात, माणसं बघत असताना, ती दोघं हसायला लागली. मी रसवंतीकडं बघत उभा राहिलो. मला रस नको होता.

मग आक्काला मशीन मिळालं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पेटी, तिच्यात एक बारीक सेल, तिच्यातून निघालेली वायर कानात. दाजींनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, किती ओहमचं? त्याला सांगता आलं नाही तेव्हा त्यांनी ते तात्यांना दाखवून आणलं, आणि तात्यांनी चष्मा वर सरकवून निकाल दिला, की हासुद्धा अँप्लिफायरच, हासुद्धा स्पीकरच, फक्त जोड आक्काच्या कानाशी बसवलेली आहे. दाजींचं समाधान झालं. आक्कानं पेटीसाठी खणाची छोटी पिशवी शिवली. मशीन लावल्यावर तिला माणसांचं बोलणं बरंचसं लागायला लागलं, पण त्याबरोबर ताटं, पक्षी, बंब, दाजींच्या चपला, सगळंच. म्हणाली, अगं बाई, हे एवढे चालतात व्हय घरात! पाहुणे आले की ती मशीन लावायची, बाकी वेळ पिशवी खुंटीला. गाणं मात्र मशीनमधून तिला पत्र्यावर पडल्यासारखं लागायचं, म्हणून डेकवर विणलेला रुमाल पडला. तात्यांनी निवडलेले ते सुरेख स्पीकर त्याच्या दोन बाजूंना गप उभे होते. मला ते बघवायचं नाही. इतकी खटपट, आणि शेवटी ज्याच्यासाठी ती केली ते परत आलंच नाही, असं वाटायचं.

दोन-तीन वर्षांनी, कारखान्याचा हंगाम संपताना, मी न कळवता सणसरला गेलो. फटफटी अंगणात उभी होती. मी ओसरीवर चढलो आणि जागच्या जागी थांबलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून दाजी बसले होते. मिशी स्पष्ट दिसत होती. शेजारी कप, कपाखाली त्याचीच बशी. आत आक्का पाठमोरी भाकरी थापत होती, मशीनची पिशवी खुंटीला, डेकवर रुमाल तसाच, आणि ती गुणगुणत होती. तेच जुनं गाणं. सूर पार कुठल्या कुठं गेलेला, ओळी उलटसुलट. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता ना. अर्धं पाऊल मागं राहायला आता पुढं कुणी गाणारी बाई नव्हती, म्हणून ती आपली आपण, आठवेल तसं, चालली होती.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दाजींनी वर न बघता हात केला. म्हणाले, "गप ऱ्हावा, पाव्हणं. टेलला पाणी आलंय."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो. शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ते उठले नाहीत.